नकाराला जागा ठेवा : गावात, तळावर आणि गडावर संशोधन करणाऱ्यांसाठी

पीएच.डी.ची नोंदणी होते, विषय मंजूर होतो, प्रश्नावली छापून होते आणि नेमक्या त्या टप्प्यावर बीड जिल्ह्यातील संशोधक विद्यार्थी तेच ते प्रश्न विचारू लागतात. ‘माझा विषय समाजशास्त्राचा आहे, मी कुणाला सुई टोचणार नाही, मग मला नैतिकता समितीची मान्यता कशाला?’ ‘सरपंचांनी पत्र दिले आहे, ते पुरत नाही का?’ ‘नावे गाळली की गोपनीयता पाळली गेली ना?’ ‘बाई शिकलेली नाही, तिची सही कशी घ्यायची?’ हे प्रश्न विचारणारे प्रामाणिक असतात. घोळ होतो तो मान्यता म्हणजे प्रबंधाला जोडायचा आणखी एक कागद, एवढाच त्यांचा समज करून दिलेला असतो म्हणून. या लेखात या प्रश्नांची उत्तरे क्रमाने दिली आहेत आणि ती सगळी एकाच मुद्द्यावर उभी आहेत. ज्या माणसाला तुम्ही प्रश्न विचारणार आहात, त्याला ‘नाही’ म्हणण्याची खरी सोय हवी. ही सोय त्याच्या मानासाठी हवी आणि तुमच्या निष्कर्षांच्या खरेपणासाठीही हवी. ज्याला नकार देता येत नाही, त्याचे उत्तर त्याचे स्वतःचे नसते.

उदाहरणासाठी याच जिल्ह्यातील नारायणगडाचा परिसर समोर ठेवू. नगद नारायण महाराजांचे हे स्थान ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते. येथून आषाढीला पालखी पंढरपूरला जाते, आणि २०२४ च्या दसऱ्याला मराठा आरक्षण आंदोलनाचा मोठा मेळावा येथे भरला. आसपासच्या गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. संप्रदायाचा इतिहास, वारी, दुष्काळ, स्थलांतर, मुलींची लग्ने, स्त्रियांचे आरोग्य, आरक्षण असे कितीतरी विषय एका पंचक्रोशीत सापडतात. पण प्रत्येक विषयात तुम्ही आणि उत्तर देणारी व्यक्ती यांच्यामध्ये कुणीतरी उभे असते. गडावर महंत आणि विश्वस्त, टोळीत मुकादम, घरात सासू-सासरे किंवा नवरा. ही माणसे वाईट असतात असे नाही. पण त्यांच्यादेखत दिलेला होकार किती मोकळा असतो, हे तपासणे तुमचे काम आहे.

आधी ठरवा : तुमचा अर्ज कोणाकडे जाईल?

- विषय आरोग्याला स्पर्श करत असेल तर : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची म्हणजे आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. ती केवळ डॉक्टरांसाठी नाहीत. आरोग्याशी संबंधित सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनही त्यांत येते. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार असे संशोधन तपासणारी समिती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी लागते.
- नवे औषध किंवा लस यांची चाचणी असेल तर : नियम अधिक कडक आहेत आणि समितीची नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रकाकडे असावी लागते. विद्यार्थ्याने अशा कामाला एकट्याने हात घालू नये.
- विषय आरोग्याबाहेरचा, पण माणसांशी बोलण्याचा असेल तर : जात, राजकारण, श्रद्धा, स्थलांतर, शिक्षण हे विषय यात येतात. विभागाची संशोधन सल्लागार समिती आणि संस्थेची नैतिकता समिती यांच्याकडे लेखी अर्ज करा आणि उत्तरही लेखी मागा.
- फक्त छापील, प्रकाशित किंवा सार्वजनिक साहित्य वापरणार असाल तर : बहुधा परीक्षणातून सूट मिळते. पण सूट आहे हे समितीने ठरवायचे असते. आपल्या अर्जावर आपणच निकाल देऊ नये.

बीड जिल्ह्यातील महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात, तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. या दोन वाटा कागदावर वेगळ्या असल्या तरी विषय त्या ओलांडतात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी ‘ऊसतोड कुटुंबांचे कर्ज’ हा विषय घेतो आणि दुसऱ्याच मुलाखतीत गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेच्या खर्चापाशी पोहोचतो. तिथे विषय आरोग्याचा झाला. म्हणून प्रश्नावलीतला एकही प्रश्न आजार, बाळंतपण, पाळी, शस्त्रक्रिया, व्यसन किंवा मानसिक त्रास याबद्दल असेल, तर तुमचा विषय पहिल्या गटात मोडतो असे धरून चाला. तुमच्या संस्थेत नोंदलेली समिती नसेल, तर दोन संस्थांमध्ये सामंजस्य करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे प्रस्ताव पाठवण्याची सोय आयसीएमआरच्या तत्त्वांत आहे. ‘आमच्याकडे समिती नाही’ असे म्हणून विषय तिथेच सोडता येत नाही.

समिती कशी असते आणि तुमच्याकडून काय मागते?

आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य असतात. निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत आणि अध्यक्षही बाहेरचा हवा. वैद्यक जाणणाऱ्यांबरोबर कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा किंवा तत्त्वज्ञानाचा अभ्यासक आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो. बैठकीची गणपूर्ती किमान पाच जणांनी होते. प्राचार्य किंवा संस्थाप्रमुख स्वतः समितीत बसू नयेत, असेही ही तत्त्वे सांगतात. या रचनेमागचे कारण ओळखा. संस्थेला प्रबंध लवकर पूर्ण व्हायला हवे असतात, मार्गदर्शकाला विद्यार्थी मार्गी लागायला हवा असतो आणि तुम्हाला पदवी हवी असते. मुलाखत देणाऱ्या बाईच्या बाजूने बोलणारे त्या इमारतीत कुणी नसते. बाहेरचे सदस्य आणि सामान्य नागरिक हे तिचे प्रतिनिधी म्हणून बसतात. म्हणून समितीने विचारलेला प्रश्न अडवणूक म्हणून ऐकू नका. तो प्रश्न त्या बाईने विचारला असता, असे समजून उत्तर द्या.

परीक्षणाचे तीन प्रकार आहेत. धोका नगण्य असेल तर परीक्षणातून सूट, किरकोळ असेल तर मोजक्या सदस्यांकडून शीघ्र परीक्षण आणि धोका त्याहून अधिक असेल किंवा सहभागी दुर्बल स्थितीत असतील तर पूर्ण समितीपुढे परीक्षण. स्थलांतरित मजूर, अल्पवयीन मुले, कर्जाच्या किंवा नोकरीच्या दडपणाखाली असलेली माणसे यांच्यावरचे संशोधन तिसऱ्या प्रकारात जाईल, असे धरूनच वेळापत्रक आखा. अर्जासोबत पुढील कागद तयार ठेवा :

1. संशोधनाचा आराखडा : उद्देश, पद्धत, किती लोकांशी बोलणार, त्यांना कसे निवडणार.
2. सहभागींसाठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र, दोन्ही सोप्या मराठीत. बंजारा तांड्यावर जाणार असाल, तर गोरमाटी बोलीत समजावून सांगणारी व्यक्ती कोण, हेही लिहा.
3. प्रश्नावली किंवा मुलाखतीचे मुद्दे, जसे विचारणार तसेच.
4. संभाव्य धोके आणि ते कमी करण्याचे उपाय. ‘धोका नाही’ असे लिहिलेला अर्ज बहुधा परत येतो.
5. माहिती कुठे, किती काळ, कुणाच्या ताब्यात राहील याची योजना.
6. संस्था, शाळा, देवस्थान किंवा कारखाना यांची प्रवेशाची परवानगी लागणार असल्यास ती पत्रे.
7. निधी कोणाचा आणि तुमचे हितसंबंध कोणते, याचे निवेदन.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मान्यता काम सुरू करण्यापूर्वीच मिळवायची असते. शंभर मुलाखती उरकून मागच्या तारखेचे पत्र मागणे हा स्वतंत्र गैरप्रकार आहे, आणि तो करायला सांगणाऱ्या कुणाचेही ऐकू नये.

परवानगी वेगळी, संमती वेगळी

सर्वांत जास्त चुका इथे होतात. सरपंच, मुख्याध्यापक, महंत किंवा मुकादम तुम्हाला त्या जागेत येऊ देतात, त्याला परवानगी म्हणायचे. समोरची व्यक्ती स्वतःबद्दल बोलायला तयार होते, त्याला संमती म्हणायचे. पहिली मिळाल्याने दुसरी मिळत नाही. ही गल्लत किती महागात पडते ते तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात २००९-१० मध्ये दिसले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या प्रकल्पात आदिवासी आश्रमशाळांतील मुलींच्या संमतीपत्रांवर अनेक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. प्रकल्प थांबवावा लागला आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या लसीचे वैज्ञानिक मूल्य हा वेगळा प्रश्न होता. ज्यांच्या शरीराचा प्रश्न होता त्यांना विचारलेच गेले नाही, हे मात्र वादापलीकडचे होते. गावातील समूहाची मान्यता घेतली तरी प्रत्येक व्यक्तीची संमती स्वतंत्रपणे घ्यावी लागते, असे आयसीएमआरची तत्त्वेही सांगतात.

आता हेच बीडच्या मातीत पाहा. जोडप्याने, म्हणजे एका कोयत्याने, हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते. ती फिटेपर्यंत त्यांचे काम, राहण्याची कोपी आणि पुढच्या वर्षीची उचल हे सगळे त्याच्या हातात असते. एक दिवस काम चुकले तर खाडा म्हणजे दंड लागतो. अशा तळावर मुकादमाने ‘मॅडमला सगळं सांगा’ असा हुकूम दिला आणि तुम्ही त्याच्यासमोर विचारले, ‘खाडा किती कापतात?’ तर ‘काही नाही, आमचा मुकादम चांगला आहे’ असेच उत्तर मिळणार. तुमच्या तक्त्यात ते उत्तर एक नोंद म्हणून बसेल, टक्केवारीत मोजले जाईल आणि कदाचित धोरणातही जाईल. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामात पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. ही संख्या महत्त्वाची आहेच. पण ‘किती’ हे दवाखान्याच्या नोंदींतूनही कळू शकते. ‘का केली, कुणी सांगितले, दुसरा पर्याय कुणी दिला होता का’ हे फक्त ती बाई सांगू शकते, आणि तेही तिला गप्प बसण्याची मुभा असेल तेव्हाच. नकाराची सोय नसलेल्या ठिकाणाहून गोळा केलेली माहिती अनैतिक तर असतेच, शिवाय ती चुकीचीही असते. नीती आणि पद्धतशास्त्र इथे एकच गोष्ट सांगतात.

संमती घेण्याची रीत

- वेळ आणि जागा तिची असू द्या. तोडीच्या दिवसांत संध्याकाळी थकून आलेल्या बाईला तासभर बसवून ठेवू नका. शक्य असेल तर हंगाम संपल्यावर, ती गावी परतल्यावर, तिने सांगितलेल्या जागी बोला.
- मधली माणसे बाजूला ठेवा. प्रवेशाची परवानगी घेतली की मुकादम, आशाताई किंवा कार्यकर्ता यांना मुलाखतीच्या वेळी दूर राहण्याची विनंती करा. ते शक्य नसेल तर ती मुलाखत घेऊ नका.
- पाच गोष्टी तोंडी सांगा : तुम्ही कोण, कशासाठी विचारता, किती वेळ लागेल, यातून तिला काय मिळणार नाही, आणि कधीही थांबता येईल. ‘योजना मिळेल’ असा भास होऊ देऊ नका.
- वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर माहितीपत्रक पूर्ण वाचून दाखवा आणि मग अंगठा घ्या. साक्षीदार तुमच्या गटातला किंवा मुकादमाचा नसावा.
- सहीची भीती असेल तर तोंडी संमतीची नोंद करण्याची परवानगी समितीकडून आधीच मागून घ्या.
- १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा होकार दोन्ही हवेत : ७ ते १२ वयात तोंडी, १२ ते १८ वयात लेखी.
- बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च देणे रास्त आहे. पण रक्कम इतकी नको की नाही म्हणणेच परवडू नये.
- ध्वनिमुद्रण आणि छायाचित्र यांची संमती वेगवेगळी विचारा. बोलायला तयार असलेली व्यक्ती फोटोला नकार देऊ शकते.

गडावरच्या मेळाव्यात किंवा पालखीत उभे राहून गर्दीचे सर्वसाधारण निरीक्षण टिपायला प्रत्येकाची संमती लागत नाही. ती जागा सार्वजनिक आहे. मात्र तुम्ही एका वारकऱ्याला बाजूला घेऊन त्याची जात, मत किंवा आजार विचारला, त्या क्षणी ती मुलाखत झाली आणि वरचे सगळे नियम लागू झाले. आपण संशोधक आहोत हे लपवून भक्त किंवा कार्यकर्ता म्हणून गप्पा काढणे ही फसवणूक आहे.

नाव गाळले म्हणजे ओळख पुसली असे नाही

‘अमुक गावातील ३४ वर्षांची विधवा ऊसतोड कामगार, दोन मुली, २०१६ मध्ये शस्त्रक्रिया’ असे लिहिले, तर नाव नसले तरी त्या गावात ती कोण हे सगळ्यांना कळते. लहान गावात वय, जात, हुद्दा आणि घटना यांपैकी तीन तपशील एकत्र आले की माणूस ओळखू येतो. म्हणून वयाऐवजी वयोगट द्या, गावाऐवजी तालुका द्या आणि मुद्द्याला गरज नसेल तो तपशील गाळा. जातीबद्दल जास्त सावध राहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आरक्षणाच्या आंदोलनादरम्यान बीडमध्ये जाळपोळ झाली. तेव्हापासून येथे कोण कोणत्या मेळाव्याला गेले आणि कुणाबद्दल काय बोलले, ही माहिती नुसती शैक्षणिक राहिलेली नाही. संमतीपत्रांवर खरी नावे असतात. ती आणि मुलाखतींच्या वह्या वेगवेगळ्या कुलपात ठेवा. ध्वनिफिती व्हॉट्सअॅपवरून मार्गदर्शकाला पाठवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण ती सशर्त आहे : त्या माहितीच्या आधारे त्या विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेली मानके पाळली जावीत.

ऋणनिर्देशाचे पानही याच नियमाखाली आणा. शिवचरित्रावरील जेम्स लेन यांच्या पुस्तकाचा वाद पेटला, तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये त्या पुस्तकात आभार मानलेल्या पुण्यातील एका संस्कृत अभ्यासकाला काळे फासण्यात आले आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची मोडतोड झाली. पुस्तकातील मजकुराची जबाबदारी लेखकाची होती. मार मात्र मदत करणाऱ्यांना बसला. संत, गड, संप्रदाय आणि जात यांवर लिहिणाऱ्याने यातून घ्यायचा धडा साधा आहे. ज्यांचे आभार मानायचे आहेत त्यांना आधी विचारा आणि त्यांच्या मदतीपुरता मजकूर दाखवा. त्यांनी नको म्हटले तर नाव घालू नका. मदत करणाऱ्यालाही नकाराचा हक्क आहे.

गोपनीयतेचे वचन देतानाही खरे बोला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बालविवाहाचे प्रमाण मोठे असलेल्या राज्यातील जिल्ह्यांत बीड आहे, त्यामुळे हा विषय मुलाखतीत येणारच. अशा बोलण्यातून बालकाच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा ‘काहीही सांगा, कुणाला कळणार नाही’ असे म्हणू नका. कोणत्या गोष्टी गुप्त ठेवता येणार नाहीत, हे समितीतील कायद्याच्या जाणकाराला आधी विचारा आणि मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगा.

लिहिताना पाळायचे नियम

क्षेत्रात सचोटी पाळून लेखनात ती सोडली, तर पहिले श्रम वाया जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत :

- साम्य १० टक्क्यांपर्यंत : दंड नाही.
- १० ते ४० टक्के : सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो.
- ४० ते ६० टक्के : एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही.
- ६० टक्क्यांहून अधिक : नोंदणी रद्द होते.

पण आकड्याच्या आत बसणे म्हणजे सचोटी नव्हे. गोषवारा, गृहीतके, निरीक्षणे, निष्कर्ष आणि शिफारशी हा भाग मुळातून तुमचाच असला पाहिजे, असे हेच नियम सांगतात. इंग्रजी किंवा हिंदी प्रबंधाचे मराठी भाषांतर संगणकाला सापडले नाही तरी ती चोरीच आहे. न घेतलेल्या मुलाखती रचणे त्याहून गंभीर आहे, कारण त्यात न बोललेल्या माणसांच्या तोंडी शब्द घातलेले असतात. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांनी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली आहे. त्यामुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांच्या मागे धावण्याचे कारण उरलेले नाही. ज्याने कामात वाटा उचलला नाही त्याचे नाव लेखक म्हणून घालू नका, आणि उचलला त्याचे गाळू नका.

नेहमीचे आक्षेप आणि त्यांची उत्तरे

‘खेड्यातली माणसे सहीला बिचकतात. संमतीपत्र काढले की बोलणेच थांबते.’ हे निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ज्यांनी उचलीपोटी कोऱ्या कागदावर अंगठा दिला आहे, त्यांनी अनोळखी माणसाच्या कागदाला घाबरणे हा शहाणपणा आहे. त्यावर उपाय संमती वगळणे हा नाही, कागद बदलणे हा आहे. समितीपुढे हे कारण स्पष्ट लिहा आणि तोंडी संमतीची रीत सुचवा. समिती तशी मुभा देऊ शकते. नियम लवचिक आहेत. ती लवचिकता मागावी लागते, गृहीत धरता येत नाही.

‘समितीच्या बैठकीची वाट पाहता पाहता हंगाम निघून जातो.’ टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघणार, हे जूनमध्येही ठाऊक असते. अर्ज पावसाळ्याच्या सुरुवातीला द्या, तोपर्यंत साहित्याचा आढावा पूर्ण करा. समित्यांनीही बैठकांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला जाहीर केल्या पाहिजेत आणि त्रुटी एकदाच, एकत्र कळवल्या पाहिजेत. विलंब हा खरा दोष आहे आणि तो दूर करायचा आग्रह विद्यार्थ्यांनी धरावा. पण उशिराचा इलाज परीक्षण टाळणे हा होत नाही.

‘ज्याला हवे त्याने नकार दिला तर नमुना एकांगी होईल.’ हा आक्षेप सर्वांत विचारपूर्वक केलेला आहे. नकारांमुळे नमुना बदलतो, हे मान्य. पण दबावाखालचे होकार नमुन्याला त्याहून जास्त बिघडवतात, आणि तो बिघाड कुठल्याही सांख्यिकी सूत्राने शोधता येत नाही. नकार मात्र मोजता येतो. किती जणांना विचारले, किती जणांनी नाही म्हटले आणि ते कोणत्या टोळीतले किंवा वस्तीतले होते, हे प्रबंधात लिहा. एखाद्या तळावर शंभरांतून एकानेही नकार दिला नाही, तर ते यश समजू नका. तिथे कुणाची भीती होती ते तपासा.

‘आरोग्याबाहेरच्या विषयाला कायद्याची सक्ती कुठे आहे?’ वैद्यकीय संशोधनाइतकी तपशीलवार चौकट इतर सामाजिक विषयांना नाही, हे खरे. तरीही मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने देशातील अभ्यासकांनी आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक तत्त्वे २००० मध्येच तयार केली होती. तेव्हाही त्यांच्यावर कुणाची सक्ती नव्हती. माणसाच्या आयुष्याला लागणारा धक्का विषयाच्या शाखेवर ठरत नाही. आपल्या जातीबद्दल किंवा नेत्याबद्दल काय बोलले हे बाहेर आल्याने होणारे नुकसान रक्ताचा नमुना दिल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा किती तरी मोठे असू शकते.

हक्क : त्यांचे आणि तुमचे

सहभागी व्यक्तीला माहितीपत्रकाची प्रत मिळण्याचा, कुठलाही प्रश्न टाळण्याचा, मध्येच थांबण्याचा, कारण न देता माघार घेण्याचा आणि निष्कर्ष समजून घेण्याचा हक्क आहे. माहितीपत्रकावर समितीच्या सदस्य सचिवांचा संपर्क असलाच पाहिजे, म्हणजे तक्रार तुमच्याबद्दल असेल तर ती तुमच्यामार्फत करावी लागणार नाही. काम संपल्यावर निष्कर्ष गावात जाऊन मराठीत सांगा. ज्यांच्या बोलण्यावर पदवी मिळते त्यांना तिचे फळ न दाखवणे हा अन्याय आहे.

विद्यार्थी म्हणून तुम्हालाही नकार देण्याचा हक्क आहे. मार्गदर्शकाने खोटी माहिती भरायला, मागच्या तारखेचे पत्र जोडायला किंवा काम न केलेल्याचे नाव घालायला सांगितले, तर :

1. सूचना लेखी मागा आणि आपले म्हणणे ईमेलने नोंदवा.
2. वाङ्मयचौर्याचा प्रश्न असेल तर पुराव्यासह विभागाच्या शैक्षणिक सचोटी समितीकडे जा. तिने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो.
3. इतर अन्यायासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि त्यानंतर विद्यापीठाचे लोकपाल यांच्याकडे दाद मागता येते.
4. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे शक्यतो तीन महिन्यांच्या आत करा. हे मार्गदर्शकाबद्दलही लागू आहे आणि क्षेत्रकार्याच्या ठिकाणीही.

अर्ज देण्यापूर्वीची शेवटची चाचणी

प्रस्ताव पाठवण्यापूर्वी एका कोऱ्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. माझ्या संशोधनात कोण कोण ‘नाही’ म्हणू शकते? ते कुणासमोर आणि कसे म्हणतील? तसे म्हटल्यावर त्यांचे काय बिघडेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिता येत नसेल, तर प्रश्नावली आहे तशी पाठवू नका. जागा बदला, वेळ बदला, मधला माणूस बदला किंवा तो प्रश्न काढा, आणि ते पान अर्जाला जोडूनच समितीकडे द्या. तुमच्या कामाची कमकुवत बाजू तुम्ही स्वतः दाखवली, तर समितीशी तुमचे बोलणे नियमांपुरते राहत नाही. ते त्या माणसांबद्दल होते, आणि परीक्षणाचा उद्देश तोच आहे.